विषय : डाबडुबलीच्या अक्षरांबाबत

लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि रुखवताच्या यादीतल्या एकवीस वस्तूंपैकी वीस तयार होत्या. सुपारीचे नवरा-नवरी कपाटात बसले होते, लोकरीचं तुळशीवृंदावन पलंगाखाली होतं, आणि साखरेचा किल्ला मुंग्यांच्या भीतीने पाण्याच्या परातीत उभा होता. एकविसावी वस्तू तेवढी अडली होती, आणि ती मंजुषाताईंनी नवऱ्याच्या, म्हणजे कमलाकर लोहीकरांच्या गळ्यात टाकली होती.

ही वस्तू म्हणजे चार फुटी प्लायवूडवर ‘मिताली-मंदार’ अशी नावं. तूरडाळ, कापूस, मुगाचे दाणे, जे हाताला लागेल त्याने ती भरायची. पण अक्षरं मात्र कोणतीही चालणार नव्हती. होणारे जावई मंदारराव पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत चित्रकार होते. कंपनीचं नाव डाबडुबली. झाडावर चढून खेळायचा तो खेळ लोहीकरांच्या दारव्हा गावात सगळ्यांनीच खेळलेला, गुडघे फोडून घेतलेले. कंपनीच्या लोगोत ते नाव मराठीतच होतं, आणि अक्षरं अशी गुबगुबीत, एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन चढल्यासारखी.

“नावं त्याच अक्षरांत पाहिजेत,” मंजुषाताई म्हणाल्या. “पाहिल्याबरोबर मंदाररावांनी म्हटलं पाहिजे, अरे, हे तर आपल्या कंपनीचं!”

“मग मंदाररावांनाच विचार नं.”

“त्यांना विचारलं तर सरप्राइज कसलं? अन मितालीलाही सांगू नका. तिच्या पोटात काही राहत नाही.”

“पण साधी अक्षरं काहून नाही चालत?”

मंजुषाताईंनी हातातली सुई खाली ठेवली. सुई खाली ठेवली की कमलाकरराव प्रश्न मागे घेत, पण या वेळी उशीर झाला होता. “साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाई रांगोळीपुढे उभ्या राहिल्या होत्या, आठवतं? ‘स्वागतम’ काढलं होतं मी. मिनिटभर पाहिलं अन म्हणाल्या, ‘ग जरा पडलाय.’ सगळ्यांसमोर!”

विहीणबाई म्हणजे कुमुदिनीताई. यवतमाळच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. तो पडलेला ग त्या दिवसापासून मंजुषाताईंच्या छातीवर बसला होता.

“अन तुम्ही चौतीस वर्षं सरकारात कागद हलवले,” त्या म्हणाल्या. “एक कागद घरासाठी हलवा.”

हे मात्र खरं होतं. कमलाकरराव एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. योग्य नमुन्यात अर्ज केला की जगातली कोणतीही गोष्ट मिळते, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. स्वतःच्या टेबलावर आलेले अर्ज वर्षानुवर्षं कपाटात कसे पडून राहत, हा भाग त्यांना या विश्वासाच्या आड येत नसे.

मंदाररावांनी साखरपुड्यात दिलेलं कार्ड खिशात घालून ते बसस्टँडजवळच्या निकिताच्या दुकानात गेले. निकिता लग्नपत्रिका जुळवी, झेरॉक्स काढी, सातबारे छापून देई आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यातले गोंधळ निस्तरी. तिने कार्ड स्कॅन करून पडद्यावर मोठं केलं.

“काका, हा फाँट मायाजवळ नाही.”

“फाँट म्हणजे?”

“अक्षराचं वळण हो. प्रत्येक वळणाले नाव असते. नाव कळलं की सगळे अक्षर मिळते. नाही तं यातला ‘ली’ तेवढा आयता भेटते. म, त, द, र कुठून आणू मी? डाबडुबलीत म हाये काय?”

डाबडुबलीत म नव्हता, हे कमलाकररावांना कबूल करावं लागलं. मग निकिताने तिच्याकडची वळणं एकेक करून लावून पाहिली. एकात ड जमला, पण ब चं पोट आत जात होतं. दुसऱ्यात ब चं पोट बरोबर सुटलं, पण ड ची शेपटी वेटोळं घालायला तयार होईना. तासाभरात कमलाकररावांची नजर अशी तयार झाली की समोरच्या मेडिकलची पाटी वाचताना त्यांना ‘औषधी’मधला ष कुपोषित वाटू लागला.

“थांबा, फोटो काढून शोधते,” निकिता म्हणाली आणि मोबाइल लोगोवर धरला. मोबाइलने थोडा विचार केला.

“काय म्हणतो?”

“जिलेबी म्हणते. अन यवतमाळच्या चार हॉटेलांचे पत्ते देऊन राह्यला.”

शेवटी तिनेच तोड काढली. “कंपनीलेच इचारा नं काका. जावयाले नका इचारू, कंपनीले इचारा.”

हे ऐकताच कमलाकररावांच्या अंगात तीन वर्षांपूर्वीचा अधीक्षक उभा राहिला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि निकिताला मजकूर सांगायला सुरुवात केली.

“लिही. प्रति, व्यवस्थापक. विषय, आपल्या बोधचिन्हातील अक्षरांबाबत माहिती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर अक्षरांचे नाव काय, ती कोठून प्राप्त करण्यात आली, कोणत्या कर्मचाऱ्याने वापरली व त्यास कोणाची परवानगी होती, याबाबतची माहिती सात दिवसांचे आत सादर करावी.”

“आपल्याले तं फक्त नाव पाहिजे नं?”

“अर्धवट विचारलं की अर्धवट उत्तर येतं. पुढे लिही. अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.”

निकिताची बोटं थांबली. “काका, जरा कडक नाही होत हे?”

“मऊ पत्राला कोणी उत्तर देत नाही. मी दिलंय का कधी?”

“खाली रिटायर्ड टाकू?”

“छे! रिटायर्ड माणसाचं पत्र कोण वाचतं? नावही टाकू नको. सही, अन सहीखाली अधीक्षक. पद्धत आहे तशी.”

त्यांची सही म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्यावर बसलेली माशी. चौतीस वर्षांत ती कोणाला वाचता आली नव्हती. निकिताने पत्र छापलं, सही घेतली, स्कॅन केलं आणि दुकानाच्या मेलवरून पाठवून दिलं. कमलाकरराव घरी आले ते छाती काढूनच. “माहिती मागवली आहे,” ते म्हणाले, आणि मंजुषाताईंनी त्या दिवशी त्यांच्या वाटीत न मागता श्रीखंड वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताक पीत बसले होते. मिताली हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. यवतमाळच्या बँकेत नोकरी करणारी, लग्नासाठी रजा घेतलेली, भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प बसवणारी मुलगी, पण तिचा चेहरा उतरला होता.

“आई, मंदारच्या ऑफिसात नोटीस आली. सरकारची.”

कमलाकररावांचं ताक घशाशीच थांबलं. “कोणत्या खात्याची?”

“तेच कळून नाही राहिलं, बाबा. खात्याचं नावच नाही त्यावर. अधीक्षक म्हणून कोणीतरी आहे. त्यांचे वकील म्हणतात, खात्याने नाव लपवलं म्हणजे प्रकरण मोठं आहे. पत्र कोणाला दाखवूनही नाही राहिले. लोगोची अक्षरं कुठून आणली, कोणी आणली, कोणाच्या परवानगीने वापरली, सगळं विचारलंय म्हणे.”

आपलीच वाक्यं पोरीच्या तोंडून ऐकताना कमलाकररावांनी पेला खाली ठेवला. “विचारू देत नं,” ते कसेबसे म्हणाले. “सांगून टाकायचं. त्यात काय?”

“तेच तर आहे नं!” मिताली खाली बसली. “लोगो मंदारनेच केला होता. चार वर्षांपूर्वी, एका खोलीत तिघंच होते तेव्हा. अक्षरं मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतली होती. ना नाव माहीत, ना परवानगी. अन आता बाहेरच्या देशातली मोठी कंपनी त्यांचा खेळ घेऊन राहिली. पुढच्या आठवड्यात गुरुवारी करार आहे. खेळातलं एक टिंबसुद्धा दुसऱ्याचं असलं तर ते सही करणार नाहीत. पूनमसिंगसाहेब मंदारला म्हणाले, हे तुझ्यामुळे झालं.”

पूनमसिंग हा कंपनीचा मालक. दिग्रसकडचा माणूस, लहानपणी डाबडुबली खेळलेला, म्हणून तर कंपनीचं नाव तसं. तसा मोकळाढाकळा, पण सरकारी कागद दिसला की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

मंजुषाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताकाकडे पाहिलं. त्याच वेळी त्यांचा फोन वाजला.

“काका, उत्तर आलं!” निकिताचा आवाज त्यांच्या कानात घुमला. “पंधरा दिवसाची मुदत मागून राह्यले! अन हात जोडून इचारते का आपलं कार्यालय कुठं हाये, आम्ही स्वतः हजर होतो!”

“राँग नंबर,” म्हणून कमलाकररावांनी फोन बंद केला आणि चपला घालून ते दुकानाकडे जवळजवळ पळत सुटले.

आता सरळ फोन करून ‘तो अधीक्षक मीच’ म्हणून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण होणाऱ्या जावयापुढे हे बोलायचं कसं? चौतीस वर्षांत त्यांनी एकही चूक तोंडाने कबूल केली नव्हती. चूक झाली की दुसरं पत्र काढायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी दुसरं पत्र काढलं.

“लिही. संदर्भीय पत्रान्वये मागविलेली माहिती सादर करण्याची आता आवश्यकता नाही. सदर प्रकरण या स्तरावर बंद करण्यात येत आहे.”

“‘या स्तरावर’ काहून?”

“तसंच लिहितात.”

पुण्याला हे पत्र पोचलं आणि वकिलांनी ते तीनदा वाचलं. या स्तरावर बंद, म्हणजे वरच्या स्तरावर सुरू. प्रकरण दिल्लीला गेलं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पूनमसिंगने त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

शनिवारी सकाळी निकाल आला. गुरुवारच्या आत नवा लोगो, नवी अक्षरं, आणि ती कुठूनही न उचललेली, त्यांच्या मालकीचा कागद असलेली. तो होईपर्यंत मंदारची रजा रद्द. शुक्रवारी नवरदेव यवतमाळला यायचा होता, रविवारी लग्न होतं. “करार मोडला तर तू लग्नाला जा, पण परत येऊ नको,” असंही पूनमसिंग रागाच्या भरात बोलून गेला होता.

“त्याने रात्रंदिवस बसून अकरा नमुने केले, बाबा,” मिताली सोमवारी सांगत होती. “अकराही नापसंत. म्हणतात, जुन्यात जीव होता, यात नाही. तो म्हणतो, काही सुचूनच नाही राहिलं. म्हणतो, लग्न पुढे ढकलू काय.” एवढं बोलून ती रडायला लागली. कमलाकररावांना पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात पुढे होईना. तिला रडवणारा हातच तो होता.

त्यात कुमुदिनीताईंचा यवतमाळहून फोन. “मी मंदारला लहानपणापासून सांगत आले,” त्या करड्या आवाजात म्हणाल्या, “अक्षर स्वतःचं काढावं. दुसऱ्याचं घेतलं की असं होतं. अन तो कोण मेला अधीक्षक आहे, तो मला भेटू दे एकदा.”

“हो, हो,” कमलाकरराव म्हणाले. “भेटेल.”

गच्चीवर मात्र कामाची धांदल होती. मागच्या गल्लीतल्या बेबीताई कुरडया घालायला आल्या होत्या. राळेगावकडचं माहेर, घरी कापूस, तूर, सोयाबीन, आणि हाताला अशी चव की गल्लीतल्या कोणत्याही लग्नातल्या कुरडया त्यांच्याशिवाय होत नसत. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा शिजवलेला चीक गंजात वाफाळत होता. मंजुषाताईंनी प्लायवूडची हकिगत सांगून कपाळाला हात लावला.

“दाखवा बरं ते कार्ड,” बेबीताई म्हणाल्या. त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, आणि हसायलाच लागल्या. “अवो वहिनी, कायले डाळी चिकटवता! ही तं कुरडईच हाये!”

“कुरडई?”

“पाहा नं, कशी गोल गोल बसली हाये. मी घालून देतो.”

वऱ्हाडात बाया ‘मी देतो’ म्हणतात, आणि देतातही. बेबीताईंनी सोऱ्यात चीक भरला, प्लास्टिकच्या कागदापुढे बैठक मारली आणि दांडा दाबला. कार्डाकडे त्यांनी पुन्हा पाहिलंच नाही. पाहायला थांबलं तर चीक गार होतो. म आला, त्याला वेलांटी आली, त बसला, द ने मांडी घातली. हात चालता होता म्हणून शेवटी त्यांनी खाली ‘डाबडुबली’ही घालून टाकलं. ते कार्डावरच्यासारखं झालं नव्हतं. ब चं पोट नको तेवढं सुटलं होतं, ड एकमेकांच्या अंगावर रेलले होते, आणि वरची रेघ गच्चीच्या उताराने वर चढत गेली होती.

“फाँट जमला काय?” मंजुषाताईंनी भीत भीत विचारलं.

“फाँट-बिंट मले समजत नाही. चीक घट्ट असन तं अक्षर घट्ट येते.”

मंगळवारी सकाळी कमलाकरराव कुणाला न सांगता गच्चीवर गेले. रात्रभर त्यांनी मनात तिसऱ्या पत्राचा मसुदा केला होता, आणि सकाळी फाडून टाकला होता. मितालीचे सुजलेले डोळे पाहिल्यावर कोणताच मसुदा पुरा पडेना. त्यांनी मंदारला फोन लावला. बोट भलतीकडे पडलं आणि व्हिडिओ लागला. समोर दाढी वाढलेला, डोळे तारवटलेला जावई दिसला.

“मंदारराव,” कमलाकरराव म्हणाले, “तो अधीक्षक मी आहे.”

“काय म्हणालात, काका?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. रुखवत, पडलेला ग, निकिता, जिलेबी, सात दिवस, या स्तरावर. “मला फक्त नाव पाहिजे होतं हो अक्षराचं. तुम्हाला खूश करायचं होतं. माझी चूक झाली. मी पूनमसिंगसाहेबांच्या पाया पडतो, पण तुम्ही लग्नाला या.”

मग मंदारच्या तोंडून काहीतरी विचित्र आवाज आला. कमलाकररावांना वाटलं, रडतोय. तो हसत होता. चार दिवस न झोपलेला माणूस जसा हसतो तसा, थांबता थांबेना.

“दिल्ली नाही म्हणजे?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“दारव्हा.”

“काका, आता सांगून तरी काय होणार! अक्षरं चोरीचीच होती, हे तर खरंच आहे नं. लोगो बदलावाच लागेल. अन माझ्याच्याने तो होऊन नाही राहिला, अन...” तो एकदम थांबला. “काका, तुमच्या मागे काय आहे ते?”

“कुठे? काही नाही. कुरडया आहेत.” मग रुखवत गुपित असल्याचं उशिरा आठवून ते आडवे आले. “पाहू नका!”

“सरका, काका. सरका थोडे. फोन खाली धरा. अजून खाली.”

उन्हात डाबडुबली वाळत होती. ओलसर, पिवळसर, पोट सुटलेली, एकमेकांवर रेललेली, खरोखरच झाडावर चढून बसल्यासारखी. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक तारेची सावली पडली होती. मंदार पडद्याच्या अगदी जवळ आला.

“हे कोणी काढलं?”

“बेबीताईंनी.”

“कशावरून काढलं?”

“कशावरून म्हणजे? सोऱ्याने.”

“वरून फोटो काढा, काका. सावली पडू देऊ नका. अन कावळ्याला हाकला तो!”

फोटो पुण्याला गेला. तासाभरात पूनमसिंगचाच फोन आला. मंदारने त्याला सगळंच सांगून टाकलं होतं. पूनमसिंग आधी दोन मिनिटं अधीक्षकांना अस्सल दिग्रसच्या भाषेत बोलला, आणि ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्याचा आवाज मऊ झाला. “पण काकाजी, अक्षर लय भारी हाये. आमची मायपण अशीच कुरडई घाले. मले ते बाहेरच्या लोकांसाठी कागद पाहिजे फक्त. ज्या बाईनं काढलं तिची लेखी परवानगी. कोणी देईन काय लिहून?”

कागद! आठवड्याभरात पहिल्यांदाच कमलाकररावांचा कणा सरळ झाला. “ना हरकत प्रमाणपत्र पाहिजे, असं म्हणा की.”

बेबीताईंना समजावणं मात्र सोपं गेलं नाही. “माया कुरडईवर पुण्याचे लोक हरकत काहून घेईन?” त्या म्हणाल्या. हरकत कोणी घेत नाही, ती नाही असं लिहून द्यायचं आहे, हे तीनदा सांगून झालं. शेवटी त्यांनी एकच अट घातली. लग्नात विहीणबाईंसमोर सांगायचं, की कुरडई बेबीताईची आहे, हलवायाची नाही. कमलाकररावांनी ती अटही प्रमाणपत्रात अनुक्रमांक चारवर घातली. निकिताने कागद छापला, बेबीताईंनी सही केली. ती सही स्वच्छ वाचता येत होती.

गुरुवारी करार झाला. शुक्रवारी मंदार यवतमाळला पोचला आणि तिथूनच मितालीला फोन लावला. ती फोनवर आधी रडली, मग हसली, मग बाबांकडे पाहून पुन्हा हसली. मंजुषाताई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, पण लग्नघरात ते फारसं जाणवलं नाही.

रविवारी रुखवत मांडलं, प्लायवूडवर नावांखाली ‘डाबडुबली’ही बसवली. कुमुदिनीताई प्लायवूडपुढे येऊन उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं. मंजुषाताईंचा हात पदराशी, कमलाकरराव खांबाआड. दुसरं मिनिट झालं.

“हा ब कोणी काढला?”

“मी,” बेबीताई पुढे झाल्या. “अन हलवायाची नाही ते. कागदावर हाये तसं.”

“तीस वर्षं मुलांना ब शिकवला,” कुमुदिनीताई म्हणाल्या, “असा एकाचाही आला नाही.” मग त्या खांबाकडे वळल्या. “अन अधीक्षकसाहेब, तुम्ही बाहेर या. तुम्हाला भेटायचं होतं मला.” पण बोलताना त्या हसत होत्या.

जेवणाच्या पंगतीपर्यंत रुखवताची वाट लागली होती. वरपक्षाच्या पोरांनी अक्षरं उचलून आचाऱ्याकडे नेली आणि तळून आणली. तेलात पडल्यावर ब चं पोट ताटाबाहेर आलं. पूनमसिंगने पहिला ड मोडून वरणभाताबरोबर खाल्ला आणि दुसरा मागितला. खुद्द नवरदेव आपल्या नावातला र कुडुमकुडुम चावत होता.

इथे खरं तर गोष्ट संपली होती. पण पावसाळा सरला, तुळशीचं लग्न लागलं आणि पुढल्या आठवड्यात, कमलाकरराव ओसरीवर पेपर वाचत असताना मंदारचा फोन आला. आता तो त्यांना बाबा म्हणू लागला होता. आवाज मात्र दबका होता.

“बाबा, तुम्ही पुन्हा?”

“पुन्हा काय?”

“ऑफिसात पत्र आलंय. लोगोतल्या अक्षरांचं नाव काय, ती कुठून आणली, कोणी काढली, कोणाच्या परवानगीने. सात दिवसांत सांगा, नाही तर कार्यवाही. साहेब पाणी पिऊन राहिले.”

“देवाशपथ मी नाही!” कमलाकररावांच्या हातातला पेपर गळून पडला. या वेळी खरंच सरकारचं पत्र आलं तर? “खाली सही कोणाची?”

“वाचता नाही येत. एक गोल आहे अन त्यातून निघालेली शेपटी. खाली लिहिलंय, कार्यालय प्रमुख.”

“खात्याचं नाव?”

“नाही.”

“किती दिवस म्हणालात?”

“सात.”

कमलाकरराव हळूहळू खुर्चीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर, चौतीस वर्षांत कधी आलं नसेल असं हसू आलं. “मंदारराव, तुमच्या ऑफिसात कोणाचं लग्न ठरलंय काय?”

“ठरलंय. आवाजाचं काम करणाऱ्या बंटीचं. वाशिमची मुलगी आहे. पण त्याचं काय?”

“मुलीचे वडील काय करतात?”

“रिटायर्ड आहेत. सदाशिवराव नाव आहे. कुठल्यातरी कचेरीत होते...” मंदार बोलता बोलता थांबला. “बाबा! पण तुम्हाला कसं कळलं?”

“सात दिवस म्हणतोय नं. सरकारी कामाला सात दिवस कोण देतं? एवढी घाई फक्त लग्नाची असते.”

“मग आता काय करायचं?”

“काही नाही. पत्र माझ्याकडे पाठवा. बंटीला कळू देऊ नका, सरप्राइज असेल ते.”

त्याच दुपारी ते निकिताच्या दुकानात जाऊन बसले. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती.

“लिही. श्री. सदाशिवराव यांस सप्रेम नमस्कार. आपण मागविलेली माहिती पुढीलप्रमाणे. अक्षरांचे नाव, कुरडई. कोठून प्राप्त, गहू, तीन दिवस भिजवून. कोणी काढली, श्रीमती बेबीताई, दारव्हा. परवानगी, सोबत जोडली आहे. बेबीताई आपल्या गच्चीवर येऊन अक्षरे घालून देण्यास तयार आहेत. मात्र सध्या हिवाळा असल्याने अक्षर वाळण्यास चार दिवस लागतील, त्या बेताने चीक काढावा.”

“नमुना मागितला हाये त्यांनी,” निकिताने पत्र वाचून सांगितलं. “मूळ प्रत पाठवा म्हणते.”

कमलाकररावांनी थोडा विचार केला. “लिही. मूळ प्रत वरपक्षाने तळून खाल्ल्यामुळे उपलब्ध नाही.”

मग त्यांनी कागद पुढे ओढला. उभी रेघ काढली, तिच्यावर माशी बसवली, आणि तिच्याखाली स्वतःच्या हाताने, सावकाश, प्रत्येक अक्षर गोल काढत लिहिलं : कमलाकर लोहीकर, अधीक्षक, सेवानिवृत्त.